मनीमाऊची गोधडी: शिवायची कशी आणि घ्यायचे किती?



गेल्या दोन-तीन महिन्यांपासून मासिक बैठकांमध्ये बचत आणि कर्जफेडीचा विषय संपला की एक प्रश्न हमखास निघतो. शहरातून मांजराच्या चित्राच्या गोधड्यांची विचारणा येतेय, त्या शिवायच्या कशा? आणि त्याचे पैसे किती घ्यायचे? पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या हातात आधीपासूनच आहे. दुसऱ्या प्रश्नावर मात्र सगळ्या गप्प होतात. म्हणून या अंकात दोन्ही गोष्टी सविस्तर लिहिते आहे. लेख जरा मोठा आहे. गटात एकीने मोठ्याने वाचावा आणि बाकीच्यांनी ऐकावा, असं केलं तर उत्तम.

मांजरच का?

ही मागणी मुख्यतः लहान बाळांच्या गोधड्यांसाठी आहे. बाळंतविड्यात आपण दुपटं, झबलं, टोपडं, कुंची देतो, त्याच्याच जोडीला शहरातल्या लोकांना हाताने शिवलेली छोटी गोधडी द्यायची असते. तिच्यावर नुसत्या पट्ट्या किंवा चौकोन असण्यापेक्षा मुलांच्या ओळखीचं काहीतरी असावं असं त्यांना वाटतं. चिऊ, काऊ आणि मनीमाऊ ही मुलांची पहिली ओळख. त्यात मांजर कापडातून कापायला सगळ्यात सोपं. गोल डोकं, दोन त्रिकोणी कान, भोपळ्यासारखं अंग आणि एक शेपूट एवढं जमलं की कुणीही ओळखतं. चिमणीची चोच आणि पाय कापडात बसवायला त्यामानाने जास्त वेळ जातो.

एका गटात एक आजी म्हणाल्या, "बाळाच्या पांघरुणावर मांजर कशाला? आडवं गेलं तर आपण थांबतो." आजींचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका, कारण गिऱ्हाईकही कधी तेच विचारेल. त्याला सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. बंगालमध्ये लेकराबाळांचं रक्षण करणारी षष्ठी देवी आहे, आणि तिचं वाहन मांजर आहे. आपल्याकडे बाळाच्या पाचवी-सहावीला सटवाईची पूजा होते, ती याच षष्ठीच्या जातकुळीतली मानतात. म्हणजे एका मुलखात जे मांजर अपशकुनी, ते दुसऱ्या मुलखात बाळाच्या देवीचं वाहन! ज्यांना पटत नाही त्यांच्यासाठी मोर, हत्ती, मासा आहेच. शिवण्याची रीत तीच राहते.

गोधडी आपलीच, फक्त वरचा थर बदलतो

कुठे गोधडी म्हणतात, कुठे वाकळ. जुनं लुगडं, धोतर, साड्या यांचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवायचे ही मूळ रीत आहे. थर धरून ठेवण्याचं काम तोच दोरा करतो आणि नक्षीही तोच काढतो.

आपल्या शेजारी, कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर भागात सिद्दी समाजाच्या बायका राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्या जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात. त्या कडेपासून सुरुवात करतात. चिंधी ठेवायची, कड आत दुमडायची, टाके घालत पुढे जायचं, संपली की दुसरी चिंधी जोडायची. असं गोल गोल फिरत मध्यापर्यंत पोचायचं. चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या त्रिकोणी चिंध्यांची फुलं लावतात. फुलांशिवाय कवंदी त्यांना नागडी वाटते. आज या कवंद्या देशाबाहेरही विकल्या जातात. हे सांगायचं कारण असं, की आपण ज्याला "घरातलं चिंध्यांचं काम" म्हणतो त्याला बाहेर कला म्हणून किंमत आहे.

मांजराच्या गोधडीत फरक एवढाच, की सगळ्यात वरच्या कापडावर मांजर आधी शिवून घ्यायचं आणि मग थर लावायचे. उलट केलं, म्हणजे थर जोडल्यावर मांजर लावलं, तर मागच्या बाजूला गाठी आणि दोरे दिसतात.

कापड निवडताना

बाळाच्या गोधडीचं सोयीचं माप म्हणजे ३६ इंच रुंद आणि ४२ इंच लांब. साडीचा पन्हा साधारण ४४-४५ इंच असतो आणि लांबी साडेपाच मीटर, म्हणजे जवळजवळ २१६ इंच. एका साडीतून या मापाचे सहा तुकडे निघायला हवेत, पण विरलेला आणि फाटका भाग सोडला की चार-पाचच हाती येतात. आतले तीन थर एका जुन्या सुती साडीत आरामात होतात.

चार गोष्टी आधी करा.

१. वरचं आणि खालचं कापड नवं, सुती आणि मऊ घ्या. आत जुनी साडी चालते, पण गिऱ्हाईकाला तसं स्पष्ट सांगा. "आत धुतलेली जुनी सुती साडी आहे, म्हणून ती मऊ आहे" हे लपवण्यासारखं नाही, अभिमानाने सांगण्यासारखं आहे. साडी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवलेली असावी.

२. नवं कापड कापण्याआधी धुऊन वाळवा. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. आत जुनी, आधीच आटलेली साडी आणि वर न धुतलेलं नवं कापड असेल, तर पहिल्या धुण्यातच गोधडी चुरगळते आणि मांजराचं तोंड वाकडं होतं.

३. रंग तपासा. पांढरं कापड ओलं करून रंगीत कापडावर जोरात घासा. पांढऱ्यावर रंग उतरला तर ते कापड बाळाच्या गोधडीत घेऊ नका. मीठ किंवा तुरटीच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं आपण म्हणतो, पण बाजारात रंगवून आलेल्या कापडावर त्याचा भरवसा धरता येत नाही. लाल, गर्द निळा आणि काळा हे रंग विशेष तपासा.

४. नायलॉन, जॉर्जेट, जरीचे काठ वापरू नका. बाळाला टोचतं, घाम शोषत नाही, आणि इस्त्री लागली की वितळतं.

मांजर कापणं आणि लावणं

लग्नपत्रिकेच्या किंवा खोक्याच्या पुठ्ठ्यावर मांजर काढा आणि कापून साचा बनवा. सात इंच उंचीचं बसलेलं मांजर नवशिक्यांना सोपं जातं. डोकं, अंग आणि शेपूट असे तीन वेगळे साचे करा. कापडावर साचा ठेवून पेन्सिलीने रेघ मारा आणि रेघेच्या बाहेर पाव इंच जागा सोडून कापा. ही पाव इंच कड आत दुमडायची आहे.

डोकं आणि अंगाच्या गोलाईवर ही कड सरळ दुमडत नाही. नखाने थोडी थोडी दाबत, सुईच्या टोकाने आत ढकलत, लगेच बारीक तुरपाई करत पुढे जा. मान आणि अंग मिळतात तिथे आतली वळण असते. तिथे रेघेच्या जरा अलीकडेपर्यंत कात्रीने छोटे छेद द्या, नाहीतर कापड ताणून राहतं.

कानाची टोकं ही सगळ्यात किचकट जागा आहे. आधी टोक सरळ खाली दुमडा, मग एक बाजू, मग दुसरी. आत जास्त कापड गोळा झालं तर थोडं छाटा. टोकावर दोन टाके जास्त घाला.

शेपटीसाठी कापड उरेब कापा, म्हणजे तिरपं. सरळ कापलेली पट्टी वळवली की चुण्या पडतात, उरेब पट्टी मात्र वळणावर सुंदर बसते. ब्लाउजच्या गळ्याला आपण उरेब पट्टी का लावतो, तेच कारण.

शेपूट आधी लावा, मग अंग आणि शेवटी डोकं. असं केलं की शेपटीचं टोक अंगाखाली आणि मानेची कड डोक्याखाली झाकली जाते.

डोळ्यांना भरीव टाका, नाकाला छोटा त्रिकोणी भरीव टाका, तोंडाला आणि मिश्यांना उलटी टीप किंवा दांडी टाका वापरा. एका गोधडीवरच्या सगळ्या मांजरांचे चेहरे एकाच बाईने भरावेत. प्रत्येकीच्या हाताचं वळण वेगळं असतं. चार मांजरांचे चेहरे चौघींनी भरले तर एक हसतं, एक रागावतं, आणि गिऱ्हाईक विचारतं की हे असं का.

नक्षी आपलीच असू द्या

टीव्हीवरचं टॉम किंवा दप्तरांवर दिसणारी हॅलो किटी यांची नक्कल करू नका. हॅलो किटी ही जपानच्या सॅनरिओ कंपनीची, १९७४ सालची आहे. अशा चित्रांवर कंपन्यांचा हक्क असतो आणि विक्रीसाठी ती वापरली तर नोटीस येऊ शकते. शिवाय ती चित्रं कारखान्यात छापून स्वस्तात मिळतात, त्यांच्याशी आपण स्पर्धा कशाला करायची?

आपल्या अंगणातली मांजरं बघा. चुलीपाशी गोळा होऊन झोपलेलं, कणगीवर बसलेलं, माशांच्या पाटीकडे मान वर करून बघणारं. कान फाटलेला बोका. तिरंगी मांजर तर चिंध्यांच्या कामासाठीच जन्माला आलं आहे! पांढरं, काळं आणि तांबूस असे तीन तुकडे जोडले की झालं. अशी तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, कारण तांबूस-काळा रंग ठरवणारा गुण सहसा मादीतच दुहेरी असू शकतो. अमेरिकेत अशा मांजरीला "कॅलिको" म्हणतात. कॅलिको हे एका सुती कापडाचं नाव, आणि ते नाव पडलं आपल्या कालिकत बंदरावरून, म्हणजे आजच्या केरळातल्या कोळिकोडवरून, कारण तिथून ते कापड जहाजाने परदेशी जायचं. म्हणजे त्या मांजरीचं नावसुद्धा आपल्या कापडाचं आहे. गोधडीबरोबर ही गोष्ट चिठ्ठीवर लिहून दिली तर गिऱ्हाईकाला आवडेल.

थर लावणं आणि धावदोरा

स्वच्छ फरशीवर खालचं कापड उलटं पसरा. त्यावर आतले तीन थर आणि सगळ्यात वर मांजराचं कापड. खालचा आणि आतले थर वरच्यापेक्षा चारही बाजूंनी एक-एक इंच मोठे ठेवा, कारण शिवताना वरचं कापड सरकतं. मध्यापासून बाहेर हात फिरवून सुरकुत्या काढा. मग मध्यापासून बाहेर, वीतभर अंतरावर लांब कच्चे टाके घाला. कच्च्या टाक्यांचा कंटाळा करू नका. तो अर्धा-पाऊण तास वाचवला तर पुढे सगळी गोधडी गोळा होते.

आता धावदोरा. मांजराच्या कडेला लागून एक ओळ घाला, म्हणजे मांजर उठून दिसतं. त्याच्याभोवती आणखी दोन ओळी घातल्या की पाण्यातल्या लाटांसारखी नक्षी येते. मांजराच्या चेहऱ्यावरून धावदोरा नेऊ नका. बाकीच्या भागात कडेपासून आत किंवा सरळ ओळी, जशी तुमची पद्धत असेल तशी. इंचाला चार-पाच टाके पुरेत. दोरा हातभरच घ्या, लांब दोऱ्याला गुंते होतात. गाठ थरांच्या आत ओढून लपवा. शेवटी कडेला गोट लावा. कोपऱ्यात गोट घडी घालून वळवा, ताणून नेऊ नका.

बाळासाठी आहे, हे विसरू नका

बटणाचे डोळे, मोती, टिकल्या, आरसे, घुंगरू काहीही लावायचं नाही. बाळ पहिली गोष्ट तोंडात घालतं. बटण सुटलं तर घशात अडकतं. मोठ्यांच्या गोधडीवर खुशाल लावा, बाळाच्या नाही. लोंबत्या रिबिनी, लांब दोऱ्याच्या मिश्याही नकोत. मिश्या भरतकामाच्याच असाव्यात.

दुसरं म्हणजे, वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपण्याच्या जागी सैल, जड पांघरूण ठेवू नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण ते तोंडावर येऊ शकतं. म्हणून चिठ्ठीवर लिहा, "जागं असताना खेळायला, अंथरायला. झोपलेल्या लहान बाळावर पांघरू नये." खरी काळजी घेणाऱ्या बाईकडून गिऱ्हाईक पुन्हा घेतं.

शिवताना सुया मोजून काढा आणि मोजून परत ठेवा. शेवटी सगळ्या गोधडीवर हात फिरवून, दाबून बघा. एक विसरलेली टाचणी गटाचं नाव घालवू शकते.

आता मुख्य गोष्ट: घ्यायचे किती?

इथे आपण फसतो. "किती पैसे लागले?" असं विचारलं की बहुतेक जणी कापडाचे आणि दोऱ्याचे पैसे सांगतात. वेळ कुणी मोजत नाही. "दुपारी बसल्या बसल्या केलं" असं म्हणतात. पण बसल्या बसल्या केलेलं काम हेही कामच आहे.

एक हिशोब मांडू. ३६ बाय ४२ इंचाची, चार मांजरांची गोधडी धरू. भाव तुमच्या गावाप्रमाणे बदला, रीत तीच ठेवा.

सामान: नवं सुती कापड सव्वादोन मीटर, मीटरला १०० रुपये धरले तर २२५. मांजरांसाठी रंगीत तुकडे २५. शिवणाचा आणि भरतकामाचा दोरा ४०. आतली जुनी साडी ६०. ती घरातली असली तरी लिहा, कारण पुढच्या वेळी ती विकत आणावी लागेल. पिशवी, चिठ्ठी, येण्याजाण्याचा वाटा ३०. एकूण ३८० रुपये.

वेळ: एक मांजर कापून लावायला दीड तास, चार मांजरांना ६ तास. चेहरे भरायला दीड तास. थर लावून कच्चे टाके घालायला दीड तास. गोट लावायला २ तास. दोरे कापणं, धुणं, इस्त्री, तपासणी १ तास.

राहिला धावदोरा. एक-एक इंचावर उभ्या ओळी घातल्या तर ३६ ओळी होतात, प्रत्येक ४२ इंचांची. म्हणजे १,५१२ इंच, सव्वाशे फुटांहून जास्त शिवण! सरावाची बाई तासाला दीडशे इंच शिवते असं धरलं तर १० तास लागतात. ओळी अर्ध्या इंचावर घेतल्या तर २० तास. हा आकडा बैठकीत मांडला की सगळ्या एकमेकींकडे बघतात, कारण असा कुणी कधी मोजलेलाच नसतो.

एकूण झाले २२ तास.

आता तासाचा दर. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. आठ तासांनी भागलं तर तासाला ३९ रुपये. खड्डे खणण्याच्या कामाला सरकार जेवढं देत होतं, तेवढं तरी कसबाच्या कामाला हवं ना? तासाला ४० रुपये धरू. २२ गुणिले ४० म्हणजे ८८० रुपये मजुरी.

सामान ३८० आणि मजुरी ८८० मिळून १,२६० रुपये. त्यावर दहा टक्के गटासाठी, म्हणजे सुया, कात्री, बिघडलेला माल, नमुने यासाठी धरले तर सुमारे १,३८५. म्हणजे १,४०० रुपयांच्या खाली ही गोधडी परवडत नाही.

आता समजा, एक दुकानदार आला आणि म्हणाला, "ताई, एका गोधडीचे ६०० देतो, पन्नास हव्यात." पन्नासचा आकडा ऐकून डोळे चमकतात. पण ६०० मधून सामानाचे ३८० गेले की २२० उरतात. २२ तासांनी भागा. तासाला १० रुपये! पन्नास गोधड्या म्हणजे ११०० तास, आणि तेही दहा रुपयांनी. दुसरा म्हणेल, "कापड माझं, मजुरी २५० देतो." तेही तासाला सव्वाअकरा रुपयांच्या आसपासच. ऑर्डर मोठी झाली म्हणून तोटा कमी होत नाही, तो पन्नास पट होतो.

दर परवडत नसेल तर तास कमी करा, मजुरी नाही

गिऱ्हाईकाला १,४०० खरंच जास्त वाटत असतील तर गोधडी बदला. चारऐवजी दोन मांजरं घेतली की लावण्याचे तीन तास आणि चेहऱ्यांचा पाऊण तास वाचतो. गोट मशीनवर लावला तर आणखी एक तास. वेळ सव्वासतरा तासांवर येतो, मजुरी ६९० रुपये, आणि सगळं मिळून किंमत १,१८० च्या आसपास. गिऱ्हाईकासमोर दोन्ही नमुने ठेवा आणि त्याला निवडू द्या. त्याहून कमी बजेट असेल तर एका मांजराची उशीची खोळ, कुंची किंवा पिशवी दाखवा. दर पाडून मागणाऱ्याला "हीच गोधडी कमीत देते" असं कधी म्हणू नका. "त्या पैशात हे येईल" असं म्हणा.

मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार?

हिशोब सगळ्यांना पटतो. पण दुकानदारासमोर बोलायचं कुणी? एकटी बाई बोलली तर तो शेजारणीकडे जातो. ती नाही म्हणाली तर तिसरीकडे. म्हणून दर गटाने नाही, ग्रामसंघाने ठरवावा आणि त्याखाली कुणीही जाऊ नये.

हे आपल्या आधी बायकांनी करून दाखवलं आहे. अहमदाबादमध्ये गिरण्यांतून निघालेल्या चिंध्या जोडून खोळी शिवणाऱ्या बायका होत्या. व्यापारी त्यांना नगामागे पैशांत मोजावी अशी मजुरी द्यायचे. इला भट्ट यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेल्या "सेवा" संघटनेत या बायका आल्या आणि त्यांनी एकत्र येऊन मजुरी वाढवून मागितली. व्यापाऱ्यांनी काम देणंच बंद केलं. तेव्हा त्यांनी स्वतः चिंध्या विकत घेऊन, स्वतः शिवून, स्वतः विकायला सुरुवात केली. त्यातून पुढे "सबीना" नावाची त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातही १९६६ मध्ये गरीब कृष्णवर्णीय बायकांनी "फ्रीडम क्विल्टिंग बी" नावाची गोधड्यांची सहकारी संस्था काढली. दोन्हीकडे बायकांच्या हातात कसब आधीपासून होतंच. त्यात बदल झाला तो एकत्र बसून दर ठरवण्याचा.

आपल्या गटात काय ठरवायचं?

एक, वेळेची नोंदवही. बचतीच्या वहीसारखी साधी वही ठेवा. तारीख, नाव, काम, किती तास, एवढे रकाने पुरेत. जिला लिहिता येत नाही तिचे तास सचिव ताईंनी विचारून लिहावेत. पैसे वाटताना तासांप्रमाणे वाटा. चेहरा भरणारीचं काम दिसतं, धावदोरा घालणाऱ्या आजींचं दिसत नाही. पण वरच्या हिशोबात जवळजवळ निम्मे तास धावदोऱ्याचे आहेत. "आजी घरातच असतात" म्हणून त्यांना कमी देऊ नका.

दोन, आधी एकच नमुना. तो दोनदा धुवा, वाळवा, बघा. रंग उतरला का, कान उसवले का, गोट ताणला का. त्यानंतरच ऑर्डर घ्या.

तीन, ऑर्डर कागदावर. माप, मांजरांची संख्या, रंग, नग, दर, तारीख आणि माल परत आला तर खर्च कुणाचा, हे सगळं लिहून दोघांची सही घ्या. कापड आणायला लागणारे पैसे तरी आगाऊ घ्या. गटाच्या बचतीतून दुसऱ्याच्या धंद्याला भांडवल पुरवू नका. आणि पैसे गटाच्या खात्यावरच येऊ द्या.

चार, कुवतीएवढंच घ्या. आठ जणींनी रोज दोन तास दिले तर दिवसाला १६ तास होतात. एका गोधडीला २२ तास लागतात, म्हणजे आठवड्याला पाच गोधड्या. पन्नास गोधड्यांना दहा आठवडे लागतील, तेही सुगी, लग्नं आणि आजारपणं सोडून. "महिन्यात देते" असं तोंडातून निघण्याआधी हा गुणाकार करा. रात्री मिणमिणत्या उजेडात डोळे फोडून दिलेल्या मालात टाके वाकडे जातात आणि पाठ, मान, डोळे आपलेच जातात. तासाभराने उठा, बोटात शिवणाची टोपी घाला, मानेला आराम द्या.

पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येक गटाने एक मांजर लावून आणा. गोधडी नको, नुसतं बारा इंचाच्या चौकोनावर एक मांजर. मागच्या बाजूला चिठ्ठी लावा आणि त्यावर लिहा, कापायला किती वेळ, लावायला किती, चेहऱ्याला किती. या लेखातले तास हे अंदाजाचे आहेत. तुमच्या चिठ्ठ्यांवरचे तास खरे असतील. ते सगळे एकत्र करून आपण ग्रामसंघाचा दर ठरवू आणि बैठकीच्या ठराव-वहीत लिहू.

मग पुढच्या वेळी दुकानदार आला की त्याला एकट्या ताईशी नाही, त्या ठरावाशी बोलावं लागेल.

तुमची,
क्षेत्र समन्वयक